दिवाळीच्या सुट्टीत बंधारा आणि ताडोबा : घरच्यांना घेऊन कसं जायचं

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातलं आणि सासर डोंबिवलीचं. त्यामुळे सोसायटीत कुणी ताडोब्याचा बेत आखला की फोन मला येतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "वाघ दिसेल ना हो?" दिसेलही. पण पोराबाळांना घेऊन एवढ्या लांब जातच आहात, तर दोन-तीन दिवस जास्त काढा. ते आधी गावात नाल्यावर पोत्यांचा बंधारा बांधायला द्या आणि सफारी अगदी शेवटी ठेवा.

हा क्रम उलटा करू नका. एकदा वाघ बघून झाला की मुलांना घरी जायचे वेध लागतात, मग पोती कोण भरणार? दुसरं कारण मोठं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पर्यटकाला जिप्सीतून दिसणारा वाघ आणि पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाईच्या पुढ्यात येणारा वाघ, हे दोन वेगळे नाहीत. इथले कितीतरी वाघ कोअरच्या, म्हणजे राखीव गाभ्याच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना (शेतांना) लागून असलेल्या जंगलात फिरतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. गावात दोन रात्री राहिलेलं मूल सफारीत "वाघ कुठाय?" याच्या पलीकडचे प्रश्न विचारतं, हे मी माझ्या भाच्यांच्या बाबतीत बघितलंय.

दिवाळीच का

मे महिन्यात वाघ जास्त दिसतात, कारण पाणवठे आटलेले असतात आणि गवत वाळलेलं असतं. पण चंद्रपूरचा मे म्हणजे ४५ अंश. त्या उन्हात शहरातल्या मुलाला फावडं देणं हा गुन्हा आहे. पावसाळ्यात, १ जुलैपासून, कोअर बंद असतं. ते ऑक्टोबरमध्ये उघडतं. दिवाळीत हवा बरी असते, धानाची कापणी चालू असते आणि नाल्यांना अजून पाणी वाहत असतं. हे वाहतं पाणीच आपल्या कामाचं. गवत उंच असल्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता थोडी कमी, हे मात्र मुलांना आधीच सांगून ठेवा.

शिवाय भाऊबीजेच्या सुमाराला झाडीपट्टीतल्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडप टाकून रात्रभर नाटक चालतं. माझ्या सासूबाईंनी पहाटेपर्यंत बसून एक अख्खं नाटक बघितलं, तेही थर्मासमधला चहा एकट्या संपवत. बंधारा-बिंधारा त्यांच्या लक्षात नाही, नाटक आहे.

काम कोणतं

गावाला उपयोगी पडेल, दोन दिवसांत संपेल आणि आठ वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना जमेल असं काम शोधायला गेलात तर फार थोडी सापडतात. शाळेत जाऊन तासभर इंग्रजी शिकवणं, चॉकलेटं वाटणं, जुने कपडे नेणं हे सगळं वगळा. आपण निघून गेल्यावर त्याचं काही उरत नाही आणि गावातली मुलं पुढच्या गाडीमागे हात पसरून धावायला शिकतात.

वनराई बंधारा मात्र उत्तम. मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेमुळे हे नाव राज्यभर रुजलं. पाऊस ओसरल्यावर नाल्याचं उरलेलं पाणी रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून अडवायचं, एवढीच कल्पना. सिमेंट नाही, यंत्र नाही. रब्बीच्या हरभऱ्याला, गुरांना आणि शेजारच्या विहिरींना पाणी मिळतं. पहिल्या मोठ्या पुरात बंधारा वाहून जातो आणि पुढच्या वर्षी नवा बांधायचा असतो. म्हणजे दर दिवाळीला तुमची गरज आहेच.

जागा आपण ठरवायची नाही. सप्टेंबरमध्येच ग्रामपंचायतीत फोन करा, सरपंच किंवा ग्रामसेवकांशी बोला आणि कृषी सहायकांचा नंबर मागून घ्या. श्रमदानातून बंधारे बांधण्याचं काम तसंही त्यांच्याकडे असतं, हात कमी पडत असतात. गावात ओळख नसेल तर ताडोब्यालगतच्या मोहर्ली, आगरझरी, कोलारा या बाजूला होमस्टे चालवणाऱ्यांना विचारा, ते सरपंचांशी गाठ घालून देतात. नाला वनजमिनीतून जात असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय एक दगडही हलवायचा नाही. म्हणून गावशिवारातलाच नाला घ्या.

आता प्रत्यक्ष काम. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती दोन-तीनशे लागतात. गावात ती जमत नाहीत, तालुक्याच्या ठिकाणी बांधकामवाल्यांकडे आधी सांगून ठेवावी लागतात. खताची पोती आधीच धुवून, वाळवून घ्या. पोतं तोंडापर्यंत भरायचं नाही, वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा. गच्च भरलेलं पोतं गोल होतं, ते बसत नाही, घरंगळतं. सैल भरलेलं दाबलं की चपटं होतं आणि शेजारच्याला चिकटतं. लहान मुलांनी तोंड धरायचं, मोठ्यांनी घमेल्याने माती टाकायची आणि दाभण-सुतळी ज्याच्या हाताला शिलाईची सवय आहे त्याच्याकडे द्यायची. माती नाल्याच्या काठाची काढू नका, काठ ढासळतो.

पहिला थर रुंद ठेवायचा, वर जाताना निमुळता. विटांच्या भिंतीसारखे सांधे मोडत पोती रचायची, म्हणजे खालच्या दोन पोत्यांच्या फटीवर वरचं पोतं यायला हवं. ज्या बाजूने पाणी येतं तिकडून फटींत चिकणमाती आणि धानाची तणस (पेंढा) ठेचून भरायची. हे तणस भरण्याचं काम मुलांना इतकं आवडतं की त्यांना पाण्याबाहेर काढणं कठीण होतं. उंची कमरेच्या वर नेऊ नका. मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा वीतभर खाली ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी मधून सांडेल आणि काठ कापणार नाही. दुपारपर्यंत मागे पाणी तुंबायला लागतं. ते बघायला गाव जमतं. आमच्याकडच्या एका काकूंनी माझ्या लेकीला विचारलं होतं, "काहून वं, मुंबईत नाले नाहीत का?" लेकीला उत्तर सुचलं नव्हतं.

काही नियम मात्र हसण्यावारी नेऊ नका. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर नाल्यावर थांबायचं नाही. मुलांनी झुडपामागे एकट्याने जायचं नाही, शी-शूसाठीसुद्धा नाही. खाली बसलेला, वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना हल्ले होतात त्याचं हे एक कारण आहे. म्हणून गावातला एक जण काठी घेऊन उभा असेल, त्याला कामाला लावू नका. त्याचं काम तेच. बोलत, गाणी म्हणत काम करा. सफारीतली शांतता इथे उपयोगाची नाही. मुलांना गमबूट घाला, दगडाखाली हात घालू देऊ नका.

जेवण गावातच बचतगटाकडे सांगा आणि ठरलेले पैसे द्या. "तुम्ही आमच्यासाठी काम करून राहिले, पैसे कशाचे?" असं म्हणतील, तरी द्या. बंधाऱ्यासाठी देणगी द्यायची असेल तर ग्रामपंचायतीत भरून पावती घ्या. कुणा एकाच्या हातात दिलीत की तुम्ही गेल्यावर गावात भांडण लागतं.

वाटेत आनंदवन

नागपूरहून चंद्रपूरकडे येताना साधारण शंभर किलोमीटरवर वरोरा लागतं. बाबा आमटे आणि साधनाताईंनी कुष्ठरोग्यांसाठी १९४९ मध्ये सुरू केलेली महारोगी सेवा समिती आणि त्यांचं आनंदवन इथलंच. आधी कळवून, गावाला जायच्या आधी एक दिवस इथे द्या. एका दिवसात तिथे तुम्ही सेवा वगैरे काही करू शकत नाही, तसा आव आणू नका. बाबांचा भर दानापेक्षा कामावर होता. हातमागाचं कापड, लोकांनी हातांनी बनवलेल्या वस्तू बघा, भोजनालयात जेवा आणि खरेदी करा, तेवढं पुष्कळ.

मुलांशी कुष्ठरोगाबद्दल घरीच बोलून घ्या. हा जंतूमुळे होणारा आजार आहे, १८७३ मध्ये नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी तो जंतू शोधला. १९८०च्या दशकापासून एकापेक्षा जास्त औषधं एकत्र दिली जातात आणि रोग पूर्ण बरा होतो. बऱ्या झालेल्या माणसाकडून तो कुणाला होत नाही, बोटं झडलेली असली तरी नाही. हे कळलेलं मूल तिथल्या आजोबांशी सरळ हात मिळवतं, न कळलेलं आईच्या मागे लपतं. हातापायांचे फोटो कुणीही काढायचे नाहीत.

घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर त्याला मे महिन्यात सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला पाठवा. सोमनाथ मूलजवळच आहे. १९६७ मध्ये बाबांनी तो प्रकल्प उभा केला. छावणीत पहाटे श्रमदान, दुपारी व्याख्यानं, रात्री गाणी. ते चंद्रपूरच्या मेमध्येच होतं, पण विशीत ऊन सोसतं. आमटे कुटुंबाचा हेमलकशाचा प्रकल्प मात्र याच सहलीत कोंबू नका. आलापल्लीमार्गे पार भामरागड तालुक्यात जावं लागतं, मुलं गाडीतच आंबून जातात.

आता सफारी

ताडोबा दर मंगळवारी बंद असतं. त्याप्रमाणे दिवस आखा. नोंदणी अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, दिवाळीच्या तारखा खुल्या झाल्या की लगेच जातात आणि शनिवार-रविवारचे दर जास्त असतात. नोंदणीत लिहिलेलं ओळखपत्रच मूळ प्रतीसह सोबत हवं, मुलांचंही. एका जिप्सीत सहा जण, शिवाय गाइड आणि चालक. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, आणि ही बंदी मला तरी देवाने दिल्यासारखी वाटते.

माझा हिशोब असा असतो: एक सफारी बफरमध्ये, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यात, आणि एक कोअरमध्ये. मूलकडे राहत असाल तर चंद्रपूर रस्त्यावरचं केसलाघाट हे बफरचं प्रवेशद्वार जवळ पडतं, कोअरसाठी झरी. वरोरा-चिमूर बाजूला नवेगाव, कोलारा. मोहर्ली सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिथे गर्दी. बफरमध्ये गुरं आणि गुराखीही दिसतात, दोन दिवस पोती भरलेल्या मुलाला ते ओळखीचं वाटतं. नवेगाव, जामणी ही गावं कोअरमधून उठवून बाहेर वसवली गेली. गाइड त्याच भागातले असतील तर त्यांना याबद्दल विचारा. ताडोब्यात आता बायकाही गाइड आहेत आणि जिप्सी चालवायलाही शिकल्या आहेत. माझ्या लेकीने एका गाइडताईंना चार तास पुढे वळूच दिलं नाही.

मुलांना वाघाशिवायची यादी द्या: रानकुत्रे, अस्वल, गवा, ताडोबा तलावातल्या मगरी, तलावाकाठचं तारूदेवाचं ठाणं. तारू हा गोंडांचा पुढारी वाघाशी झुंजताना मेला, त्याच्या नावावरून ताडोबा, असं सांगतात. जंगलातल्या रस्त्याच्या कडेने जुने दगडी खांब दिसतात, ते गोंडराजांच्या काळचे. आणि कान लावायला शिकवा. चितळ सहज घाबरून ओरडतं, सांबर उगाच ओरडत नाही. सांबराचा आवाज आला की चालक गाडी बंद करतो, तेव्हा कुणीही वेफर्सची पिशवी उघडू नये.

पाठीचं दुखणं असलेल्या आजी-आजोबांना जिप्सीच्या मागच्या बाकावर बसवू नका, पुढची जागा द्या. पहाटे गार वाऱ्यात कानटोपी लागतेच. लाल-पांढरे कपडे घरी ठेवा.

परतीचं तिकीट सगळ्यांत आधी काढा, साठ दिवस आधी आरक्षण उघडतं त्याच सकाळी. शेवटच्या दिवशी सकाळची सफारी घेतली तर दहापर्यंत तुम्ही बाहेर येता. झरी-मूलकडून नागपूर गाठायला चार तास धरा, वाटेत जेवण. संध्याकाळी पाचची विदर्भ एक्सप्रेस कागदावर मिळते, पण वाटेत उशीर झाला की चुकते, म्हणून त्या भानगडीत पडू नका, रात्रीची दुरांतो घ्या.