परसातल्या डुकरांचे आंबोण आणि पोटाचे आरोग्य

गोव्यात आणि लगतच्या सिंधुदुर्गात घरामागे दोन-चार डुकरे पाळणारी कुटुंबे आजही आहेत. डुकराला काहीही चालते, हा समज या परसांत पक्का रुजलेला असून डुकरांच्या पोटाच्या तक्रारी बहुधा त्यातूनच सुरू होतात. डुकराचे जठर गायीसारखे चार कप्प्यांचे नसून माणसासारखे एकच असते. त्यामुळे गवत, पेंढा किंवा भाजीचे देठ यांवर त्याचे पोट भरलेले दिसले, तरी अंगावर मांस चढत नाही.

वाढत्या डुकरांसाठी १० किलो आंबोण (मिश्र खाद्य) करायचे झाल्यास साडेपाच किलो मक्याचा भरडा, सव्वादोन किलो भाताचा कोंडा, दोन किलो सोयाबीनची पेंड, २०० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ५० ग्रॅम मीठ घ्यावे. यातून सुमारे १६ टक्के प्रथिने मिळतात. पेंडीऐवजी कच्चे सोयाबीन कधीही घालू नये, कारण त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. गिरणीतून आणलेला कोंडा तेलकट असल्याने दमट हवेत लवकर खवट होतो, तेव्हा तो थोडा थोडाच आणावा. बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड ऊन दाखवून वापरण्याची काटकसर करू नये, कारण बुरशीचे विष उन्हाने जात नाही.

स्वयंपाकघरातील उष्टे द्यायचे असल्यास उकळी फुटल्यावर किमान अर्धा तास, तळाशी ढवळत शिजवावे आणि पूर्ण निवल्यावरच डोणीत ओतावे. डुकराच्या मांसाचा अंश असलेले खरकटे मात्र शिजवूनही देऊ नये. २०२० मध्ये ईशान्य भारतात प्रथम आढळलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर उपचार नाही आणि त्याचा विषाणू अशा मांसातून पसरतो. खरकटे रोज दिले जात असेल, तर वरच्या मिश्रणातले मीठ वगळावे. खारवलेली मासळी किंवा लोणच्याचा खार पोटात गेला आणि त्या दिवशी पाण्याची डोण कोरडी राहिली, तर डुकराला मिठाची विषबाधा होते. ते भिंतीला डोके टेकवून उभे राहते, आंधळ्यासारखे धडपडते आणि त्याला झटके येतात. अशा वेळी एकदम भरपूर पाणी दिल्यास मेंदूला सूज वाढते, म्हणून थोडे थोडे पाणी वारंवार पाजत डॉक्टरांना बोलवावे. एरवी पाणी कायम समोर असावे. दूध पाजणाऱ्या मादीला उन्हाळ्यात दिवसाला २० लिटरही पुरत नाही.

काजूच्या हंगामात रस काढून उरलेला बोंडूंचा चोथा फुकट मिळतो आणि लोक तो पाट्या भरभरून ओततात. हा चोथा तंतुमय असतो व दुसऱ्याच दिवशी आंबू लागतो. त्याच दिवशीचा ताजा, तोही एकूण आंबोणाच्या दहाव्या हिश्शाइतकाच द्यावा, उरलेला कडक वाळवून ठेवावा. कोणतेही नवे खाद्य आठवडाभरात जुन्यात मिसळत वाढवावे. अर्ध्या तासात डोण रिकामी झाली नाही, तर उरलेले काढून ती धुवावी.

रोज सकाळी गोठा झाडताना विष्ठा पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण डुकराच्या पोटाची खबर तिच्याइतकी लवकर दुसरे काहीही देत नाही. आकार धरणारी, पण मऊ विष्ठा चांगली. लेंड्यांसारखी कोरडी विष्ठा पाण्याची कमतरता किंवा बद्धकोष्ठ दाखवते. विण्याच्या आसपास मादीला असा त्रास झाल्यास गव्हाचा कोंडा भिजवून द्यावा. डांबरासारखी काळी विष्ठा आणि फिकट पडलेली कातडी जठरातील व्रणाकडे बोट दाखवते. फार बारीक दळलेल्या खाद्याने हा व्रण होऊ शकतो, म्हणून भरडा रवाळच असावा.

सहा ते आठ आठवड्यांनी दूध तोडल्यावर पिल्लांची हगवण जिवावर बेतू शकते. तिसऱ्या आठवड्यापासूनच त्यांना कोरडे आंबोण चाटायला द्यावे आणि दूध तोडल्यानंतर आठवडाभर तेच आंबोण दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. पातळ हगवण लागलेल्या पिल्लाला ओआरएसचे पाणी लगेच सुरू करावे. पापण्या सुजल्या किंवा पिल्लू झोकांड्या देऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शिल्लक राहिलेल्या औषधाच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

जंतांचे औषध दूध तोडताना आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनानुसार द्यावे. डुकरे मोकाट सोडून माणसांच्या विष्ठेपर्यंत जाऊ देऊ नयेत, कारण त्यातून फीतकृमीची अंडी त्यांच्या पोटात जाऊन मांसात गाठी होतात आणि ते मांस अर्धेकच्चे खाणाऱ्याच्या आतड्यात पुन्हा कृमी वाढतो.