थकलेल्या बिलासाठी लवादाची नोटीस कशी द्यावी

"सात दिवसांत रक्कम अदा करा, अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई करण्यात येईल." थकबाकीदाराला जाणाऱ्या नोटिसा बहुतेक याच साच्यातल्या असतात. करारात लवादाचं कलम, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी त्रयस्थ व्यक्तीकडे (लवादाकडे) निवाड्यासाठी सोपवण्याची अट, असेल तर अशा नोटिशीने फारसं काही साधत नाही, कारण तिच्यात धमकी आहे, पण लवादाची मागणी नाही. वाद लवादाकडे सोपवण्याची मागणी समोरच्या पक्षाला ज्या दिवशी मिळते, त्या दिवशी लवादाचं कामकाज सुरू झालं असं लवाद आणि समेट अधिनियम, 1996 चं कलम 21 सांगतं. दावा करण्याच्या मुदतीची मोजणीही तिथेच थांबते.

समजा, भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचे एका कंपनीकडे 18 लाख रुपये अडकले आहेत. मालकाने काय करावं?

आधी कलम शोधा

ते पीओच्या (खरेदी आदेशाच्या) मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं, नाहीतर 'जनरल टर्म्स' नावाच्या वेगळ्या पीडीएफमध्ये. एकाच कागदावर दोघांच्या सह्या हव्यात असं नाही. ईमेलच्या देवाणघेवाणीतूनही लवादाचा करार सिद्ध होतो. तो लेखी असला पाहिजे, एवढंच.

आता एकेक शब्द वाचा. वाद लवादाकडे 'सोपवला जाईल' असं लिहिलंय, की 'सोपवता येईल'? इंग्रजी करारात हा 'शॅल' आणि 'मे'चा फरक. पुन्हा दोघांची संमती लागणार असेल तर तो लवादाचा करारच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने जगदीश चंदर प्रकरणात 2007 मध्ये सांगितलं आहे. लवादाचं स्थान कोणतं तेही बघून ठेवा. तिथे बेंगळुरू लिहिलं असेल तर न्यायालयातली धावपळ कर्नाटकात होणार. आधी तीस दिवस आपसात बोलणी करावीत अशी अट असेल, तर ती पाळा आणि पाळल्याचा ईमेल जपा.

करार पुरेशा मुद्रांकावर नाही म्हणून हातपाय गाळू नका. तेवढ्याने करार शून्य ठरत नाही, हे डिसेंबर 2023 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं. शुल्क आणि दंड मात्र भरावा लागतो.

तारखा मांडा

मुदत साधारणपणे तीन वर्षांची, आणि प्रत्येक बिलाची वेगळी. देय तारीख 10 जून 2023 असेल, तर नोटीस 10 जून 2026 पर्यंत समोरच्याला मिळायला हवी. तोवर नुसती पोस्टात पडून चालणार नाही. तुम्ही पाठवलेल्या स्मरणपत्रांनी, फोनवरच्या 'पुढच्या महिन्यात बघू'ने मुदत एक दिवसही वाढत नाही. ती वाढते समोरच्याच्या लेखी कबुलीने किंवा अंशतः भरण्याने, तेही मुदत संपायच्या आत. वर्षअखेरीला सीए मागवतात ते सही केलेलं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे इतकी रक्कम देणं आहे अशी समोरच्याची लेखी कबुली, इथे सोन्याच्या मोलाचं ठरतं.

उद्यम नोंदणी आहे का?

सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल आणि नोंदणी व्यवहाराच्या आधीची असेल, तर नोटीस लिहायच्या आधी एमएसएमईडी कायद्याखालच्या (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याखालच्या) सुविधा परिषदेचा विचार करा; अशा उद्योगांच्या थकीत बिलांचे वाद ती हाताळते. माझ्या मते लहान कारखानदाराला तोच रस्ता अधिक फायद्याचा. रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मिळतं. आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

नोटीस लिहा

पीओचा क्रमांक आणि तारीख, बिलांचा तक्ता, मुद्दल, व्याज. मग लवादाचं कलम जसंच्या तसं उतरवा आणि त्याखाली निःसंदिग्ध मागणी करा: "वरील रकमेबाबत आपल्यात वाद निर्माण झाला असून, पीओच्या कलम 14 नुसार तो लवादाकडे सोपवण्याची आम्ही या नोटिशीद्वारे मागणी करत आहोत. एकमेव लवाद म्हणून आम्ही पुढील नावं सुचवतो. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत यांपैकी एका नावाला लेखी संमती द्यावी." करारात लवादांची संख्या दिली नसेल तर कायद्याने एकच लवाद.

करारातल्या पत्त्यावर आणि नोंदणीकृत कार्यालयावर स्पीड पोस्टने, शिवाय ईमेलने पाठवा. पोच आणि ट्रॅकिंगची प्रिंट त्याच दिवशी फाइलला लावा.

उत्तरात काय येतं

कधीकधी उत्तर येतं: "करारानुसार लवाद आमचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील." त्याला संमती देऊ नका. वादात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला एकतर्फी लवाद नेमता येत नाही, हे पर्किन्स ईस्टमन प्रकरणात 2019 मध्ये ठरलं. हा हक्क वाद उद्भवल्यानंतर स्पष्ट लेखी करारानेच सोडता येतो, म्हणून 'नो ऑब्जेक्शन'च्या कागदावर सही करण्याआधी दहादा विचार करा.

तीस दिवसांत काहीच आलं नाही तर कलम 11 खाली उच्च न्यायालयात अर्ज. समोरचा मालमत्ता विकायच्या बेतात असेल तर कलम 9 खाली अंतरिम आदेश नोटिशीच्या आधीही मागता येतो. मात्र आदेशानंतर 90 दिवसांत लवाद सुरू करावा लागतो.

खिशाचा अंदाज

लवादाच्या फीचा नमुना 1996 च्या अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत आहे. 18 लाखांच्या दाव्याला 45,000 रुपये, अधिक 5 लाखांवरच्या 13 लाखांचे साडेतीन टक्के म्हणजे 45,500. एकमेव लवादाला त्यावर आणखी 25 टक्के. एकूण 1,13,125 रुपये, जे सहसा दोघांत निम्मे. समोरच्याने आपला वाटा भरला नाही तर तोही तुम्हाला भरावा लागू शकतो. तो पुढे खर्चात मागता येतो. वकिलाची फी वेगळी.

निवाड्यापर्यंत

दोन्ही बाजूंची निवेदनं सहा महिन्यांत आणि त्यानंतर निवाडा बारा महिन्यांत, हा देशांतर्गत वादांचा नियम. संमतीने आणखी सहा महिने मिळतात, पुढची वाढ न्यायालयाकडून. निवाडा हाती आल्याची तारीख लिहून ठेवा: आव्हान देण्यासाठी हरलेल्या पक्षाला तिथून तीन महिने आणि सबळ कारण असेल तर वर तीस दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही. 2015 च्या दुरुस्तीनंतर नुसतं आव्हान दिल्याने वसुलीला स्थगिती मिळत नाही. ती मुदत संपली आणि स्थगिती नसली, की निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा घेऊन दरखास्त (वसुलीचा अर्ज) दाखल करता येते.