अमूर्तात रंगावर काम करायचंय? मग आधी करडा रंग बनवायला शिका

आर्ट कॉलेजच्या थर्ड इयरला मी अमूर्त, म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चित्रांकडे वळलो त्याचं खरं कारण म्हणजे माझं फिगर ड्रॉइंग कच्चं होतं. वाटलं अमूर्तात काय, मोठा कॅनव्हास ताणायचा आणि मूड असेल तो रंग फासायचा. पहिल्याच ज्युरीला, म्हणजे कॉलेजात काम तपासतात तेव्हा, सर बराच वेळ नुसते बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, हा केशरी इथे का आहे रे? मी म्हटलं, आवडतो म्हणून. सर काही न बोलता पुढच्या पोराच्या चित्राकडे गेले. ते फार लागलं तेव्हा.

आता नव्याने शिकणारी पोरं विचारतात की सुरुवात कशी करू, तर मी आधी ब्रिजेट रायलीबद्दल सांगतो. ही ब्रिटिश बाई, जन्म १९३१ चा, रंगाच्या पट्ट्यांसाठी जगभर प्रसिद्ध, पण १९६१ पासून पुढची काही वर्षं तिने फक्त काळं, पांढरं आणि मग करडं एवढंच केलं, रंगाला हात लावला तो १९६७ मध्ये! आणि त्याच्याही आधी, १९५९ ला, ठिपक्यांनी चित्रं रंगवणाऱ्या सेरा या फ्रेंच चित्रकाराच्या एका चित्राची नक्कल करून बघितली होती, ठिपक्याशेजारी ठिपका ठेवला की रंगाचं काय होतं ते समजून घ्यायला. ती आधी कागदावर गॉशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, छोटे अभ्यास करते, रंगवलेले कागद कापून शेजारी शेजारी लावून बघते, आणि मोठा कॅनव्हास बरेचदा असिस्टंट रंगवतात. म्हणजे डोकं सगळं शेजार ठरवण्यात खर्च होतं.

हे मी पोस्टर कलर आणि कार्ट्रिज पेपरवर केलं, खर्च जवळपास शून्य. पट्ट्या रंगवायच्या, वाळल्या की कापायच्या आणि सरकवत बसायचं. काळ्या-पांढऱ्यातला साधा करडा केशरीशेजारी ठेवला की निळसर दिसायला लागतो आणि निळ्याशेजारी तोच करडा कोमट वाटतो, हे वाचून कळत नाही, करून बघितल्यावर माणूस दोन मिनिटं गप्प होतो. मग करडा ट्यूबमधून घेणं सोडलं, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून बनवायला लागलो, त्यात कधी निळा वर येतो कधी तांबूस. माझे सहा महिने गेले यात, घरी आई म्हणायची, फी भरून कागदच कापतोयस का.

आपल्याकडचे बघायचे तर चित्रकार वासुदेव गायतोंडे आहेतच. १९२४ ला नागपुरात जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवायचे, खरवडायचे, वर्षाला मोजकीच चित्रं. मोबाइलवर बघाल तर पिवळा चौकोन दिसेल आणि तुम्ही स्क्रोल कराल, प्रत्यक्ष समोर उभं राहिलं की त्या पिवळ्याच्या खालचं काहीतरी हळूहळू वर यायला लागतं. प्रभाकर कोलते सरांचं कामही असंच, एका रंगाचा मोठा विस्तार आणि त्याआडून डोकावणारे छोटे आकार, झाकलं काय आणि ठेवलं काय यावरच चित्र उभं. म्हणून मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जात जा, एंट्री फ्री आहे, आणि फोन खिशात ठेवा.

जर्मनीची काथारीना ग्रोस मात्र अगदी उलट टोकाची. स्प्रे गनने भिंती, माती, झाडं सगळंच रंगवते. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फोर्ट टिल्डन या जुन्या लष्करी तळावरची समुद्रकाठची एक पडीक इमारत आतून बाहेरून लाल-पांढरी केली, सँडी वादळात मोडलेली होती ती, नंतर पाडायचीच होती. हे बघून मी हॉस्टेलच्या रूममध्ये स्प्रे कॅन घेऊन सुरू झालो, खिडकी बंद, मास्क नाही, रूममेट दोन रात्री शेजारच्या रूममध्ये झोपला. ती अंगभर सूट आणि मास्क घालून काम करते हे फोटोत दिसत होतं की, मी रंगच बघत बसलो.

सामानाचं थोडक्यात. ट्यूबवर नावापुढे ‘ह्यू’ लिहिलं असेल तर ते मूळ पिगमेंट, म्हणजे रंग देणारी पूड, नाही, त्याच्यासारखा दिसणारा स्वस्त पर्याय आहे, सरावाला चालतो. नावापेक्षा पिगमेंटचा कोड बघा, अल्ट्रामरीन असेल तर पीबी २९. एकाच पिगमेंटचे रंग घेतले की मिसळताना चिखल कमी होतो. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, कारण ओलं असताना त्यातलं बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, दुधाळ असतं आणि वाळलं की पारदर्शक होतं, म्हणून ओल्या रंगावर विश्वास ठेवू नका, कागदावर ठिपका देऊन वाळू द्या, मग ठरवा.

आणि पैशाचं विचाराल तर चित्रं क्वचित विकली जातात. माझं घर चालतं ते कापडाच्या प्रिंटच्या कामावर, तिथे क्लायंट एक तुकडा देतो आणि म्हणतो अगदी हाच मरून पाहिजे, तेव्हा त्या कागदाच्या पट्ट्या कामाला येतात. परवा एका मरूनसाठी अकरा ठिपके वाळवले, नववा जुळला होता पण बल्बच्या उजेडात, सकाळी खिडकीत नेला तर चक्क जांभळा.