कॉफीचा अर्क अत्तरात वापरण्यापूर्वी थंड करून गाळून घ्यावा

भाजलेल्या कॉफीच्या बियांपासून कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने काढलेल्या अर्कात सुगंधाबरोबर बियांतले तेलही उतरते आणि हे तेल अल्कोहोलमध्ये पूर्णपणे विरघळत नसल्याने थेट मिसळलेले अत्तर गढूळ होते, शिवाय कुपीच्या तळाशी तपकिरी साका बसतो. म्हणून 1 ग्रॅम अर्कात 9 ग्रॅम तीव्र इथाइल अल्कोहोल वजन करूनच घालावे (थेंब मोजण्यावर विसंबू नये, कारण दाट अर्काचा थेंब मोठा पडतो), चांगले हलवून घट्ट झाकणाच्या बाटलीत एक-दोन दिवस मुरू द्यावे, मग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून थंड असतानाच कागदी गाळणीतून गाळावे. द्रावण कोमट झाले की गोठलेले तेल पुन्हा विरघळू लागते, त्यामुळे इथे रेंगाळून चालत नाही. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने जवळपास ज्योत नसावी.

मात्रेबाबत हात आखडताच ठेवावा. कॉफीच्या गंधाला आकार देणारे फर्फ्युरिल थायॉल हे गंधकयुक्त संयुग अत्यल्प प्रमाणातही जाणवते, पण जास्त झाले की जळकट, गंधकासारखा दर्प येतो. चंदन, व्हॅनिला आणि पॅचौली यांच्याशी कॉफीचे चांगले जमते. वेलचीची जोड तर माझ्या मते सर्वांत सरस. फिकट कपड्यांवर मात्र हे अत्तर फवारू नये, कारण गाळल्यानंतरही अर्काचा तपकिरी रंग कायम राहतो.