जुना बिडाचा तवा घेताना तडा कसा ओळखायचा

सेकंडहँड बिडाचा तवा किंवा कढई स्वस्तात मिळते खरी, पण नुसती गंजलेली कोणती आणि तडा गेलेली कोणती हे वरवर बघून कळत नाही.

१. दांडी दोन बोटांत सैल धरून तवा लोंबता ठेवा आणि बुडाला चमच्याने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला, थोडा वेळ घुमला तर बहुतेक ठीक, बद्द आला तर सरळ ठेवून द्या.

२. मग मोबाईलचा टॉर्च तिरका मारून काठ आणि दांडीचा जोड बघा, तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो आणि जळक्या तेलाच्या काळ्या थराखाली मस्त लपतो, म्हणून शंका आली की नख फिरवून बघायचं. तडा तापून-थंड होऊन वाढतच जातो, वेल्डिंगच्या नादाला लागू नका.

३. सपाट फरशीवर ठेवून कडा दाबा. किंचित डुगडुगलं तर गॅसवर चालून जातं, इंडक्शनवर वैताग.

गंजाला मात्र अजिबात घाबरू नका, उलट भाव पाडायला तोच कामाला येतो :) अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, फार तर अर्धा तास, कारण जास्त ठेवलं तर ते बीडच खायला लागतं, मग घासून धुवून लगेच आचेवर कोरडं करा आणि तेलाचा हात.

फक्त एक, जुन्या भांड्यात कधीकधी कुणीतरी शिसं वितळवलेलं असतं, त्यामुळे आत राखाडी धातूचे थेंब चिकटलेले दिसले तर फुकटसुद्धा घेऊ नका.