पॉइंट साठवू नका, प्रवासाला लावा: क्रेडिट कार्डाच्या माइल्सचा रोखठोक हिशेब

कोणतं कार्ड घ्यावं हा प्रश्न शेवटी सोडवायचा. आधी ठरवा: पुढच्या दीड वर्षात कुठे जायचंय, किती जणांनी, आणि तारखा किती पुढेमागे करता येतील. मुंबईहून दोघांना सिंगापूरला जायचं असेल तर सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेचे माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे स्वतःचे पॉइंट, कामाचे. गणपतीला कोकणात जाणाऱ्याला त्याच माइल्सचा काडीचा उपयोग नाही. त्याच्यासाठी आयआरसीटीसीचं एसबीआय कार्ड बरं, कारण तिथे एक पॉइंट म्हणजे रेल्वे तिकिटातला सरळ एक रुपया. प्रवास न ठरवता जमवलेले पॉइंट बहुतेकदा मिक्सर नाहीतर शॉपिंग व्हाउचरवर खर्च होतात, आणि तिथे त्यांना सगळ्यात कमी भाव मिळतो.

बिल पूर्ण भरता येत असेल तरच

थकबाकीवर बहुतेक कार्डं महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लावतात, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ५०,००० रुपये महिनाभर थकले तर ३.७५ टक्क्यांनी १,८७५ रुपये व्याज आणि सुमारे ३३८ रुपये कर, म्हणजे २,२१३ रुपये गेले. दोन टक्के परतावा देणारं कार्ड तेवढ्याच खर्चावर १,००० रुपये देतं. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो. व्याज खरेदीच्या तारखेपासून चढतच राहतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ऑटो डेबिट लावताना अनेकांकडून नकळत मिनिमम ड्यूचा पर्याय निवडला जातो. तिथे ‘टोटल ड्यू’ आहे ना, हे आजच उघडून बघा.

पॉइंट कुठे गळतात

जाहिरातीत ‘दर १५० रुपयांना ४ पॉइंट’ असं लिहिलेलं असतं. बऱ्याच बँका हा हिशेब प्रत्येक व्यवहारावर वेगळा करतात आणि खालच्या टप्प्याला धरतात. १४० रुपयांच्या बिलावर शून्य, २९० रुपयांवर एकाच टप्प्याचे पॉइंट. रोजच्या दूध-भाजीच्या छोट्या व्यवहारांत म्हणूनच फार काही जमत नाही, किराणा महिन्यातून दोनदा भरणाऱ्याचं मात्र जमतं.

दुसरी गळती दुकानाच्या वर्गवारीतून होते. प्रत्येक स्वाइप मशीनला चार आकडी कोड असतो आणि पॉइंट द्यायचे की नाही हे बँक त्या कोडवरून ठरवते. इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, हप्त्यांवरची खरेदी, सरकारी भरणा यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत, आणि विमा किंवा वीजबिलावर महिन्याची मर्यादा असते. घरभाडं कार्डाने भरलं तर वर साधारण एक टक्का शुल्कही लागतं. पेट्रोल पंपाच्या आवारातल्या दुकानातून बिस्किटं घेतली तरी मशीन पंपाचंच असेल, तर तो खर्च इंधनात जातो. मोठा खर्च करण्याआधी कार्डाच्या अटींमधली ‘वगळलेले व्यवहार’ ही यादी वाचा. ती लांबलचक आणि कंटाळवाणी असते, पण पैसे तिथेच वाचतात.

वार्षिक फीचं गणित पाच मिनिटांचं आहे. समजा फी ५,००० रुपये, जीएसटीसह ५,९००. हे कार्ड दोन टक्के परत देतं आणि तुमचं सध्याचं फुकट कार्ड एक टक्का. फरक एक टक्क्याचा, म्हणजे फी वसूल व्हायला वर्षाला ५,९०,००० रुपयांचा पात्र खर्च हवा. खर्च तेवढा नसेल तर विमानतळावरच्या लाउंजच्या मोहात पडू नका. आता अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केली तरच लाउंज खुलं होतं.

घरातल्यांना ॲड-ऑन कार्ड दिलं की त्यांचे पॉइंट मुख्य कार्डावरच जमा होतात. दोन वेगळ्या कार्डांवर अर्धे अर्धे पॉइंट पडून राहण्यापेक्षा हे चांगलं.

एचडीएफसीचं स्मार्टबाय, ॲक्सिसचं ट्रॅव्हल एज, आयसीआयसीआयचं आयशॉप अशा बँकांच्या पोर्टलवरून बुकिंग केलं तर कार्डानुसार कित्येक पट पॉइंट मिळतात. तरीही विमान कंपनीच्या साइटवरचं भाडं शेजारच्या टॅबमध्ये उघडून ठेवाच. पोर्टलवर भाडं आणि सुविधा शुल्क मिळून ६०० रुपये जास्त जात असतील आणि जादा पॉइंटांची किंमत ४०० असेल, तर तो तोट्याचा सौदा. शिवाय तारीख बदलायची वेळ आली की विमान कंपनी पोर्टलकडे बोट दाखवते. तारखा पक्क्या नसतील तेव्हा थेट बुकिंग करा.

एका पॉइंटाची किंमत

सूत्र असं: रोखीचं भाडं घ्या, पॉइंटवर तिकीट काढतानाही रोख भरावा लागणारा कर त्यातून वजा करा, उरलेल्या रकमेला पॉइंटांनी भागा. समजा तिकीट ९,२०० रुपयांचं आहे. पॉइंटवर तेच ६,००० पॉइंट आणि १,८०० रुपये कर भरून मिळतं. ९,२०० वजा १,८०० म्हणजे ७,४००, भागिले ६,०००, म्हणजे पॉइंटाला १ रुपया २३ पैसे. बँक तेच पॉइंट २५ पैशांच्या भावाने कार्डाच्या बिलातून वळते करत असेल, तर फरक जवळपास पाचपट आहे. भाडं ४,५०० रुपयांवर उतरलेलं असताना मात्र त्याच तिकिटासाठी पॉइंटाला ४५ पैसेच पडतात. तेव्हा रोख भरा आणि पॉइंट राखून ठेवा. बिझनेस क्लासच्या भाड्याशी तुलना करून एका पॉइंटाला पाच रुपये मिळाले असं समजू नका. ते भाडं तुम्ही एरवी खिशातून भरलं असतं का, हे आधी स्वतःला विचारा.

माइल्समध्ये वळवताना

बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा.

आधी विमान कंपनीच्या योजनेत खातं उघडा, तेही पासपोर्टवरच्या नावाने. आपल्याकडे गडबड होते ती इथेच. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असतं, कार्डावर फक्त आद्याक्षर आणि बँकेत लग्नाआधीचं आडनाव. नावं जुळली नाहीत तर ट्रान्सफर अडकतं. दुरुस्तीला लागणारे दिवस धरून हे काम निदान महिनाभर आधी उरका.

मग जागा शोधा. क्रिसफ्लायरमध्ये लॉगिन केल्यावर माइल्सच्या जागा दिसतात आणि बुकिंग ३५५ दिवस आधी खुलं होतं. मेच्या सुट्टीत आणि दिवाळीत स्वस्त ‘सेव्हर’ जागा लवकर संपतात. चार जणांसाठी शोधल्यावर काहीच दिसलं नाही तर दोघांसाठी, मग एकासाठी शोधून बघा. त्या दराच्या दोनच जागा असतील तर चौघांच्या शोधात त्या दिसतच नाहीत. दोन तिकिटं माइल्सवर आणि दोन रोखीने, हाही चांगला मार्ग आहे. सिंगापूर एअरलाइन्स स्वतःच्या विमानांवरच्या अशा तिकिटांवर इंधन अधिभार लावत नाही. काही कंपन्यांत हा अधिभार इतका असतो की ‘फुकट’ तिकिटाला रोखीच्या तिकिटाएवढेच पैसे मोजावे लागतात. कराचा आकडा शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघा.

जागा दिसली की प्रमाण तपासा. कुठे दोन पॉइंटांना एक माइल, कुठे एकास एक, तर ॲक्सिस ॲटलस कार्डावर बऱ्याच भागीदारांकडे एकाचे दोन होतात. वर्षभरात किती वळवता येतील याचीही मर्यादा असते, आणि काही बँका प्रत्येक वेळी ९९ किंवा १९९ रुपये अधिक जीएसटी घेतात. ट्रान्सफर कधी काही मिनिटांत होतं, कधी त्याला कित्येक दिवस लागतात, आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते. पहिल्यांदा करत असाल तर किमान रक्कम पाठवून वाट मोकळी आहे ना ते पाहा. प्रवासाच्या तारखांना दुसरा पर्याय हाताशी नसेल तर मोठी रक्कम पाठवू नका.

विमानाच्या जागा मिळतच नसतील तर हॉटेलकडे वळा. अकॉरच्या योजनेत २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो, थेट बिलातून वजा. भाव ठरलेला असल्याने हिशेब चुकत नाही. मॅरियट बॉनव्हॉयमध्ये पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट कापले जातात. चार रात्रींचा बेत असेल तर पाचवी जोडून बघा.

परदेशात कार्ड वापरताना

नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात. निघण्याआधी ॲपमध्ये ते सुरू करा आणि मर्यादा ठेवा. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावरचं जादा शुल्क, असतो, जीएसटीसह ४.१३ टक्के. दोन टक्क्यांच्या पॉइंटांसाठी हे परवडत नाही, म्हणून तिथल्या खर्चासाठी शून्य मार्कअपचं वेगळं कार्ड ठेवा. दुकानदाराने ‘रुपयांत की डॉलरमध्ये?’ विचारलं तर स्थानिक चलन सांगा. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बाजूने लागतो, आणि तो जवळपास नेहमीच महाग असतो.

पॉइंट मुरत नाहीत

जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९मध्ये थांबली, तेव्हा परदेशवारीसाठी वर्षानुवर्षं माइल्स जमवलेल्यांना ती विमानंच उरली नाहीत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ला एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले, ती आता महाराजा क्लब म्हणून चालते. बँकाही दर बदलतात, आणि ते बहुधा ग्राहकाच्या विरुद्धच जातात. क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांनी संपतात, मॅरियटचे २४ महिने खात्यात हालचाल नसेल तर. फोनच्या कॅलेंडरमध्ये मुदतीच्या तीन महिने आधीची आठवण लावा.

कार्ड बंद करायचं असेल तर आधी पॉइंट वापरून शून्यावर आणा, मगच अर्ज द्या. थकबाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. अर्जाचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा.

रोखीने केलेल्या विमानप्रवासाचे माइल्स आठवड्याभरात खात्यात दिसले नाहीत तर ते मागून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी तिकिटाचा क्रमांक व बोर्डिंग पास लागू शकतो. माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका, मोबाइलवरचा असेल तर स्क्रीनशॉट ठेवा.