बेळगावात छोटी इलेक्ट्रिक कार घ्यायची असेल तर आधी घरचा प्लग बघा

टाटाची टियागो ईव्ही घेऊ की एमजीची कॉमेट हे सगळेच विचारतात, पण त्याच्या आधी गाडी रात्री कुठं लावणार ते ठरवा. टिळकवाडी-हिंदवाडीत स्वतःचं कंपाउंड असेल तर अर्धं काम झालं. शहापूर-वडगावच्या गल्लीत गाडी रस्त्यावर लागत असेल आणि खिडकीतनं वायर सोडून चार्ज करायचा विचार असेल तर सध्या घेऊच नका, आपल्याकडच्या पावसात ते जिवावर बेतेल.

जागा आहे, मग प्लग. या गाड्या घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होतात, पण गीझरच्याच पॉइंटला लावून टाकू असं करू नका. गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो, गाडी सात-आठ तास सलग ३ किलोवॅटच्या आसपास ओढते, जुनी वायर तापणारच की. मीटरपासनं वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची लाइन, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट लीक झाला की पडणारा स्विच) घालून घ्या, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनला मीटर लावून तपासायला सांगा, कारण जुन्या घरात ते नावालाच असतं आणि अर्थिंग नसलं की बहुतेक चार्जर एरर दाखवून चार्जिंगच सुरू करत नाहीत, मग लोक गाडीला नावं ठेवत बसतात. पहिल्या रात्री अर्ध्या-पाऊण तासानं प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालतंय, पण चटका बसला किंवा सॉकेटच्या भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं तर मेन बंद करून सॉकेट बदला, उद्यावर ढकलू नका. बिलावर सँक्शन लोड, म्हणजे मंजूर किलोवॅट, किती आहे तेही बघा, कमी असेल तर हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात अर्ज देऊन वाढवून घ्या.

आता गृहज्योती, म्हणजे कर्नाटकची घरच्या मोफत विजेची योजना, हे शोरूमवाले सांगत नाहीत. शहरात एका युनिटला साधारण ७-८ किमी धरा. रोज ३० किमी फिरलात तर चार्जिंगमधला लॉस धरून महिन्याला १३० च्या आसपास युनिट वाढतात. तुम्हाला ठरवून दिलेल्या युनिटच्या वर गेलं की वरचे पैसे, आणि २०० पार झालं की पूर्ण बिल भरावं लागतं. तरी पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडतं, पण हिशोब आधी करा आणि गाडीसाठी वेगळं मीटर मिळतं का ते हेस्कॉममध्येच विचारून घ्या.

गाडी कुठली? गणपत गल्ली, खडे बाजार, ऑफिस, शाळा एवढंच असेल तर कॉमेट मस्त, जेमतेम ३ मीटर लांब, कुठंही वळते. पण दोनच दारं, डिकी नावाला आणि डीसी फास्ट चार्जिंग (वाटेतल्या स्टेशनवर झटपट होणारं) नाही, त्यामुळं कोल्हापूरचं नाव काढायचं नाही. टियागोत १९.२ आणि २४ युनिटच्या बॅटऱ्या आल्यात, फास्ट चार्जिंग आहे. गाडी आली तेव्हा कंपनीनं रेंज २५० आणि ३१५ किमी सांगितली होती, मनात त्याच्या ६०-६५ टक्केच धरा. खानापूरला जाऊन येणं आरामात होतं. कोल्हापूर एका बाजूनंच ११० किमी, त्यात तवंदी घाट, हायवेला ऐंशी-नव्वदनं पळवली की चार्ज भराभर उतरतो, म्हणजे वाटेत नाहीतर तिथं चार्जिंग आलंच. निघायच्या आधी तो चार्जर चालू आहे का ते फोन करून विचारा, ॲपवर हिरवा दिसतो म्हणून जाऊ नका.

टेस्ट ड्राइव्हला घरची चार माणसं बसवून तुमच्याच गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरनं न्या, खाली घासतंय का कळेल. आणि साचलेलं पाणी किती खोल आहे दिसत नसेल तर गाडी त्यात घालू नका, बॅटरी सीलबंद असली तरी.

कोल्हापुरात ऑफर चांगली मिळाली तर घ्या, पण टेम्पररी नंबरवर आणून केए २२ लाच पासिंग करा. एमएच ०९ ची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर परत नोंदणी करावी लागते, एनओसीसाठी हेलपाटे वेगळे. कर्नाटकात रोड टॅक्स आज किती लागतो ते बुकिंगच्या आधी आरटीओत विचारा, आणि बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किमी ते कोटेशनवर लिहून घ्या.